पेनकेस घेताना कड बघा

‘अस्सल लेदर’ म्हणून घेतलेली माझी पेनकेस दुसऱ्या पावसाळ्यात सोलून निघाली. काळे पापुद्रे बोटांना चिकटायचे, पेनाच्या टोपणावर बसायचे. टाकून देण्याआधी ब्लेडनं ती आडवी कापली आणि भिंगाखाली धरली. वर प्लॅस्टिकचा पातळ काळा थर, त्याखाली फेसासारखा पांढरट थर आणि तळाशी विणलेलं कापड. चामडं कुठेच नव्हतं.

मग माळ्यावरची वडिलांची जुनी कोल्हापुरी काढली. तिच्या तळाचा एक सुटलेला तुकडा तसाच कापून पाहिला. इथे थर नव्हतेच. होते ते एकमेकांत गुंतलेले तंतू, वरच्या बाजूला बारीक आणि दाट, खाली जाड आणि मोकळे. नखानं कितीही खरवडलं तरी पापुद्रा सुटेना.

पेनकेस निवडण्याचं सगळं शास्त्र या दोन कडांमध्ये आहे, असं मला तेव्हापासून वाटतं.

पहिली केस पॉलियुरेथेनची, म्हणजे बाजारातलं ‘पीयू लेदर’. त्याच्या बऱ्याच प्रकारांत रेणूंच्या साखळ्या हवेतल्या बाष्पानं हळूहळू तुटत जातात. याला जलअपघटन म्हणतात. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते जोरात चालतं, वस्तू न वापरता कपाटात ठेवली तरीही. म्हणूनच अशी केस ‘जपून वापरली’ तरी टिकत नाही.

खऱ्या चामड्याचे तंतू कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे असतात. कोलॅजेनच्या रेणूत तीन साखळ्या वेणीसारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. ही तिपेडी रचना १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. एक रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड असतो. अशा असंख्य वेण्या एकत्र येऊन तंतू, तंतूंच्या जुड्या आणि जुड्यांचं जाळं बनतं. ओढ कुठूनही बसली तरी ती या जाळ्यात वाटली जाते.

पण कच्चं कातडं ओलं राहिलं की सडतं आणि वाळलं की पत्र्यासारखं कडक होतं. ते ‘कमवावं’ लागतं. कमावलेलं शरीर म्हणतो तोच हा शब्द. बाभळीची साल आणि हिरडा यांतली टॅनिन्स, म्हणजे तुरट द्रव्यं, तंतूंच्या मधे शिरून त्यांना बांधतात, पाण्याची जागा घेतात. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरांतली आदिवासी कुटुंबं जो हिरडा गोळा करतात, तोच हा. या पद्धतीला कित्येक आठवडे लागतात. क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम एखाद्या दिवसात होतं, म्हणून आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमवर कमावलेलं असतं. फरक पाण्यात तापवल्यावर कळतो. कच्चं कातडं ६०-६५ अंशांच्या आसपास आक्रसतं, सालीचं साधारण ७५ ते ८५ अंशांना, आणि क्रोमचं उकळत्या पाण्यातही तग धरू शकतं.

मग पेनासाठी कोणतं? माझं मत स्पष्ट आहे. बाहेरून सालीवर कमावलेलं, दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचं. ते ताठ असतं, ओलं असताना दिलेला आकार वाळल्यावर धरून ठेवतं. भरलेल्या दप्तरात पेनावर येणारा दाब तेच झेलतं. क्रोमचं चामडं मऊ आणि लवचिक असतं, पाणीही जास्त सोसतं, पण त्याची केस दाबली की दबते. आत अस्तराला मात्र बकरीचं मऊ क्रोम चामडं उत्तम.

कड बघताना आणखी एक गोष्ट तपासा. गाई-म्हशीचं जाड कातडं यंत्रावर आडवं चिरून त्याचे थर करतात. केसांच्या छिद्रांचा वरचा दाट थर सगळ्यात मोलाचा. खालच्या थराला स्वतःचा पोत नसतो, त्यावर प्लॅस्टिकचा लेप देऊन पोत छापतात. म्हणायला तेही चामडंच, पण लेप सुटला की संपलं. छापलेला पोत सगळीकडे अगदी एकसारखा दिसतो. खऱ्या कातडीवर कुठे छिद्रं दाट, कुठे विरळ, एखादा जुना ओरखडाही असतो. ओरखडा दिसला तर नाक मुरडू नका. कड रंगाच्या जाड थराखाली पूर्ण लपवली असेल, तर मी ती केस खाली ठेवते.

केसचा आकार हा दिसण्याचा प्रश्न नाही. मुंबईहून पुण्याला येताना खंडाळ्याचा घाट चढलो की हवेचा दाब कमी होत जातो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, म्हणजे दाब साधारण ६ टक्के कमी. पेनाच्या पोटातली हवा तेवढीच फुगते. थेट नळीत शाई भरायचं, तीन मिलिलिटरचं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं पेन घ्या. ते अर्धं रिकामं असेल तर आत दीड मिलिलिटर हवा आहे. ती फुगली की जवळजवळ दोन थेंब शाई बाहेर ढकलली जाते. निब वर असेल तर शाईऐवजी हवाच निघून जाते. उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत पेन २५ वरून ५० अंशांवर गेलं तर हवा ८ टक्क्यांनी फुगते, म्हणजे घाटापेक्षा जास्त. म्हणून केस अशी हवी की पेन निब वर ठेवूनच बसेल आणि दप्तरात केस उभी राहील. पेनं गुंडाळून ठेवायच्या, आडव्या लोळणाऱ्या वळकटीचा देखणेपणा मला मान्य आहे. प्रवासाला मी ती नेत नाही.

पेनावर ओरखडे चामड्यानं पडत नाहीत. ते पडतात धुळीनं. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते पेनाच्या प्लॅस्टिकपेक्षाच काय, साध्या पोलादापेक्षाही कठीण असतात. मखमली, लवदार अस्तर हे कण धरून ठेवतं आणि पेन आत-बाहेर होताना घासकागदासारखं काम करतं. गुळगुळीत अस्तर घ्या, प्रत्येक पेनाला वेगळा कप्पा असू द्या आणि महिन्यातून एकदा केस उलटी करून झटका.

शिलाई दोन सुयांची, मेण लावलेल्या दोऱ्याची असावी. दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून आरपार जातात. एक तुटला तरी दुसरा टाका धरून ठेवतो.

पावसाळ्यात आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की चामड्यावर बुरशी धरते. केस प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. भिजली तर पेनं काढून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. हेअर ड्रायर किंवा कडक ऊन नको, कारण ओल्या चामड्याला उष्णता लागली की तंतू आक्रसतात आणि ते पुन्हा पूर्वीसारखे होत नाहीत.

शेवटचं, बटण आणि रिव्हेट. काष्ठौषधीच्या दुकानातून हिरड्याची पूड आणा, कोमट पाण्यात भिजवा आणि त्यात गंजलेल्या खिळ्याचं पाणी थेंबभर टाका. पिवळट पाणी बघता बघता निळसर काळं होतं. टॅनिन आणि लोह यांची ही गाठ. शेकडो वर्षं याच गाठीतून लिहायची काळी शाई बनत आली. सालीवर कमावलेल्या केसला लोखंडी रिव्हेट असेल, तर पहिल्याच पावसात त्याच्याभोवती ही शाई तयार होते. माझ्या आत्ताच्या केसवर बटणाशेजारी तसं एक काळं कडं आहे, आणि ते पुसून जात नाही. आता खरेदीला जाताना मी पर्समध्ये एक छोटं चुंबक ठेवते. ते पितळेला चिकटत नाही.