नोकिया ५८०० आणि ५२३३: चेहरा तोच, आतला माल वेगळा

घरातल्या ड्रॉवरमध्ये जुना टचस्क्रीन नोकिया सापडला की पहिला वाद हाच: हा ५८०० की ५२३३? समोरून दोघं सख्खे भाऊ. ३.२ इंची पडदा, ६४० बाय ३६० पिक्सेल, खाली कॉल, मेनू आणि लाल अशी तीन बटणं, आत सिम्बियन एस-६० ही फोन चालवणारी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम), तिची पाचवी आवृत्ती, १२८ एमबी रॅम. बॅटरीही एकच, बीएल-५जे, १३२० एमएएच.

५८०० एक्सप्रेसम्युझिक ऑक्टोबर २००८ मध्ये जाहीर झाला. ५२३३ आला २०१० मध्ये, बराच स्वस्त. या दोघांच्या मधे ५२३० आहे, आणि खरा घोळ त्यानेच घातलाय. ५२३० मधून थ्रीजी आणि जीपीएस काढलं की उरतो तो ५२३३. वायफाय या दोन्हींत नव्हतंच. ५८०० मध्ये मात्र हे तिन्ही होतं.

ओळखायचा सोपा उपाय म्हणजे फोन उलटा करा. कॅमेऱ्याशेजारी दोन एलईडींचा फ्लॅश आणि कार्ल झाइस या लेन्सवाल्या कंपनीचं नाव दिसलं, तर ५८००. त्याचा कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा, ऑटोफोकसवाला. ५२३३ चा २ मेगापिक्सेलचा, फ्लॅश नाही, फोकसही ठरलेला. त्यामुळे मार्कशीटचा जवळून फोटो काढला की अक्षरं पुसट यायची. ५८०० ला पुढेही व्हिडिओ कॉलसाठी छोटा कॅमेरा आहे आणि कडेला दोन स्पीकर, म्हणजे गाणी खरोखर स्टिरिओत. ५२३३ एकाच स्पीकरवर भागवतो. फोन चालू होत असेल तर *#००००# दाबा, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि मॉडेल समोर येतं.

पडदा मात्र दोघांचाही रेझिस्टिव्ह. वरचा लवचीक थर दाबला की तो खालच्या थराला टेकतो आणि जागा कळते. म्हणून नखाने, पेनाच्या टोपणाने, हातमोजा घालूनही चालायचा, पण दोन बोटांनी झूम करणं विसरा. शिवाय मेनूतल्या आयकॉनवर एकदा टॅप केलं की उघडायचं, यादीतल्या ओळीवर मात्र आधी निवडायला एक आणि उघडायला दुसरं. नवख्याला वाटायचं, फोन अडकलाय. गंमत म्हणजे ३२० बाय ४८० पिक्सेलच्या पहिल्या आयफोनपेक्षा अक्षरं इथे जास्त रेखीव दिसत. वापरायला सोपा होता तो आयफोनच, कारण त्याची मांडणी मुळात बोटासाठी केलेली होती. सिम्बियन बटणांच्या फोनसाठी वाढलेलं, स्पर्श त्याला नंतर चिकटवला.

मग ५२३३ म्हणजे फसवणूक का? मला तसं वाटत नाही. खासगी कंपन्यांचं थ्रीजी आपल्याकडे सुरू झालं तेच २०१० च्या शेवटी, तेही हळूहळू. तालुक्याच्या गावात २०१० साली थ्रीजीचा फोन घेऊन करणार काय? एजवर, म्हणजे टूजीच्या इंटरनेटवर, ऑपेरा मिनी हा ब्राउझर चालायचा, मेमरी कार्डात गाणी भरलेली असायची, पुढे व्हॉट्सअ‍ॅपही आलं आणि सिम्बियनवर ते ३० जून २०१७ पर्यंत टिकलं. ज्याला शहरात वायफाय मिळत होतं किंवा गाडीत नकाशा हवा होता, त्याचे ५८०० साठी मोजलेले जास्तीचे पैसे वसूल झाले. बाकीच्यांना ५२३३ पुरेसा होता.

५८०० ची एक खोड सांगायलाच हवी: सिम कडेच्या खाचेतून आत जातं, पण काढताना बॅटरी काढून स्टायलसच्या (पडद्यावर टेकवायच्या काडीच्या) टोकाने बाहेर ढकलावं लागतं. नखाने ओढत बसू नका.

आज चालवून पाहायचं असेल तर दोघंही टूजीवरच येतात, ५८०० चं थ्रीजी आता जवळपास निरुपयोगी. नॅनो सिमला अडॅप्टर लागेल. जिओचं सिम दोन्हींत चालणार नाही, कारण जिओकडे टूजी नाहीच.