निबंधाच्या आधी आणि नंतर

मे 2024मध्ये पुण्यात मोटारीच्या धडकेने दोघांचा जीव गेला. त्याच दिवशी मोटार चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला जामीन मिळाला आणि त्यातली 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट देशभर गाजली. वाहतूक पोलिसांबरोबर 15 दिवस काम आणि व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन या दोन अटी कुणाच्या लक्षातही राहिल्या नाहीत.

निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. दोष सिद्ध होणं-न होणं पुढचं. 2015च्या बाल न्याय कायद्यानुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला, जामीन नाकारायला तीनच कारणं चालतात: सराईत गुन्हेगारांची संगत लागण्याची भीती, मुलालाच धोका, किंवा सुटकेमुळे न्यायाचा हेतू फसणं. गुन्हा किती गंभीर, हे त्यात नाही. जामीन कायद्याला धरून होता. अट मात्र घाईत सुचल्यासारखी होती. लोकक्षोभानंतर तीन दिवसांत मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, तेही घाईतच. जूनमध्ये उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला सोडलं.

‘प्रौढ समजून खटला चालवा’ ही मागणीही अशाच एका शब्दापाशी अडते. सोळा ते अठरा वयोगटासाठी ती वाट 2012च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर उघडली, पण फक्त ‘निर्घृण’ गुन्ह्यांपुरती. निर्घृण म्हणजे किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा. आपल्याला किती संताप आला, हे माप नव्हे. किमान शिक्षाच नसलेले गुन्हे त्यात बसत नाहीत, हे 2020मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

तुरुंगाऐवजी दुसरी वाट शोधणं मात्र आजचं नाही. मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा 1924चा. 1958च्या परिविक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडणं) कायद्याने एकवीस वर्षांखालच्या दोषीला, जन्मठेपेचे गुन्हे वगळता, कैदेत टाकण्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवणं आणि कैदेची कारणं नोंदवणं न्यायालयावर बंधनकारक केलं. आज दोष सिद्ध झाल्यावर समज, समुपदेशन, समाजसेवा, दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तीन वर्षांपर्यंत देखरेख आणि शेवटी विशेष गृह, म्हणजे अशा मुलांना ठेवून सुधारण्याची संस्था, असे पर्याय आहेत.

माझ्या मते सगळं अडतं ते सामाजिक तपास अहवालावर. परिविक्षा अधिकाऱ्याने मुलाच्या घरी जायचं. घरात कमावतं कोण, शाळा कधी सुटली, संध्याकाळी मुलगा कुणाबरोबर असतो, मारहाण होते का, हे विचारायचं. मुदत 15 दिवस. पुण्यातला निबंध त्याच दिवशी ठरला होता.