जोण, युनिट, डिव्हिडंड: गोव्यातल्या उत्पन्नाच्या गुंतवणुकीची पार्श्वभूमी

गोव्यात पैसे गुंतवण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "वर्षाला हातात किती येतील?" भाव किती चढेल, ते नंतर. मुदत ठेवीचे व्याज, वरच्या मजल्याचे भाडे, कुळागरातल्या सुपारीचे पैसे, या सगळ्यांकडे पाहण्याची नजर तीच. बाहेरच्या सल्लागारांना यात भित्रेपणा दिसतो. मला तसे वाटत नाही. या सवयीमागे काही शतकांचा इतिहास आहे, आणि डिव्हिडंडवर, म्हणजे कंपनीने नफ्यातून शेअरधारकांना वाटलेल्या पैशावर, विसंबू पाहणाऱ्याला लागणारी बरीचशी समज त्यातच सापडते.

शेअर बाजार माहीत होण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या गावांत गावकरी संस्था होत्या. पोर्तुगीजांनी त्यांना कोमुनिदाद म्हटले. १५२६ साली अफोन्सो मेक्सिया याने त्यांचे रीतिरिवाज 'फोराल' या दस्तऐवजात नोंदवून घेतले. म्हणजे संस्था त्याहून जुन्या. जमीन गावाची. शेते आणि मानशीवरची (बांधातल्या पाण्याच्या दारावरची) मासेमारी पावणीने, म्हणजे लिलावाने, दिली जाई. आलेल्या पैशातून आधी सरकारचा खंड, मग बांधांची डागडुजी, देवळाचा आणि गावाचा खर्च. एवढे भागवून जे उरेल ते गावकऱ्यांत वाटले जाई, ती जोण. पुढे विकता येणारे आणि वारशाने मिळणारे भागही निघाले. जन्माने गावकरी नसलेल्या माणसालाही ते भाग विकत घेऊन उत्पन्नात वाटा मिळवता येई. १९६१ च्या एप्रिलमध्ये पोर्तुगीज सरकारने या सगळ्या नियमांची नवी संहिता काढली. तीच संहिता दुरुस्त्यांसह आजही चालते.

यातला खर्चाचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. खाजन शेती खाडीच्या पातळीवर किंवा तिच्याही खाली असते. बांध फुटला की खारे पाणी आत शिरते आणि जमीन पुन्हा पिकाजोगी व्हायला काही पावसाळे जातात. बांधाचे पैसे वाटून टाकले तर त्या वर्षी जोण भरघोस दिसेल, पण पुढची काही वर्षे वाटायला काहीच उरणार नाही. म्हणून वाटप सर्वांत शेवटी. आजच्या भाषेत हाच फ्री कॅश फ्लोचा हिशेब: यंत्रे, कर्ज आणि देखभाल भागवून उरलेला पैसाच डिव्हिडंडला लायक.

अमेरिकेत हीच गोष्ट वेगळ्या वाटेने पुढे आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथला सामान्य माणूस शेअर घेई तो मुख्यतः डिव्हिडंडसाठी. शेअरमध्ये धोका जास्त, म्हणून त्याचा उतारा (भावाच्या तुलनेत वर्षाला मिळणारा डिव्हिडंड) रोख्याच्या, म्हणजे कर्जपत्राच्या, व्याजापेक्षा जास्तच असला पाहिजे, असा सर्वमान्य हिशेब होता. तो १९५८ च्या सुमारास उलटला आणि रोख्यांचे व्याज वर गेले. या जुन्या जगात बेंजामिन ग्रॅहम हा गुंतवणुकीचा अभ्यासक घडला. १९२९ च्या पडझडीत त्याचे स्वतःचे जबर नुकसान झाले. १९३४ मध्ये डेव्हिड डॉडच्या जोडीने त्याने रोखे आणि शेअर तपासण्याची शिस्त मांडली, आणि १९४९ मध्ये तीच सामान्य गुंतवणूकदारासाठी सोपी करून सांगितली. गाभा एवढाच: शेअर म्हणजे धंद्याचा तुकडा, त्या धंद्याची किंमत आपण काढावी आणि बाजारभाव तिच्याहून पुरेसा खाली असेल तरच घ्यावा. हे अंतर म्हणजे मार्जिन ऑफ सेफ्टी. सावध गुंतवणूकदाराने सलग वीस वर्षे डिव्हिडंड दिलेली कंपनी निवडावी, अशी त्याची अट होती. एका वर्षाच्या मोठ्या आकड्यापेक्षा न तुटलेल्या परंपरेला त्याने जास्त मान दिला.

गोव्यात मात्र तेव्हा बचतीला वाटाच कमी होत्या. बांको नासिओनाल उल्त्रामारिनु ही मुख्य बँक होती. तिच्याकडे गहाण पडलेले लोकांचे दागिने मुक्तीच्या सुमारास लिस्बनला गेले आणि परत आले ते थेट १९९१ मध्ये. एका पिढीची पुंजी तीस वर्षे हाताबाहेर राहिली. मुक्तीनंतर १९६४ मध्ये कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीची मालकी दिली. कसणाऱ्यांच्या बाजूने तो न्याय होता. पण भाटकारांचा (जमीनदारांचा) आणि कोमुनिदादींचा खंड त्यामुळे आटला. पुष्कळ गावांत आता जोण नावापुरतीच मिळते.

त्याच १९६४ सालच्या जुलैत मुंबईहून एक नवे साधन आले: लोकांचे पैसे एकत्र करून शेअर-रोख्यांत गुंतवणाऱ्या युनिट ट्रस्ट या सरकारी संस्थेची यूएस-६४ योजना. तिच्यातला प्रत्येक वाटा म्हणजे एक युनिट. पहिल्या वर्षी डिव्हिडंड ६.१ टक्के होता, नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात तो २६ टक्क्यांवर पोचला. शिक्षक, पोस्टातले कर्मचारी, निवृत्त मंडळी यांनी ही युनिटे ठेवीसारखी जपली. दरवर्षी डिव्हिडंडचे वॉरंट (चेकसारखा कागद) येई, बँकेत भरले की झाले. युनिटचा विक्रीचा आणि परत घेण्याचा दर ट्रस्ट स्वतः ठरवी. मागच्या शेअरांची खरी किंमत किती, हे युनिटधारकाला कळतच नसे. १९९८ मध्ये राखीव निधी उणे झाल्याचे बाहेर आले, आणि जुलै २००१ मध्ये खरेदी-विक्रीच थांबवली गेली. छोट्या धारकांना तीन हजार युनिटांपर्यंत सुरुवातीला दहा रुपये दराने सुटण्याची वाट दिली. २००३ मध्ये ट्रस्टचे दोन भाग झाले आणि राहिलेल्या युनिटांच्या बदल्यात ६.७५ टक्क्यांचे करमुक्त बाँड मिळाले. सरकार पाठीशी होते म्हणून मोठा अनर्थ टळला. पण बांध न पाहता वाटप केले तर काय होते, ते देशाने या योजनेत पाहिले.

थेट शेअरांकडे लोक वळले ते सत्तरच्या दशकात. १९७३ च्या फेरा या परकीय चलनाच्या कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा साधारणपणे ४० टक्क्यांवर आणणे भाग पडले. नव्या शेअरचा भाव कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज हे केंद्र सरकारचे कार्यालय ठरवी, आणि तो बहुधा खऱ्या किमतीच्या बराच खाली असे. ज्यांना अर्ज भरून शेअर लागले, त्यांना सरकारी आदेशानेच मार्जिन ऑफ सेफ्टी मिळाले. ही सोय १९९२ मध्ये ते कार्यालय बंद होईपर्यंत होती. मधेच १९७४ मध्ये महागाई रोखण्यासाठी डिव्हिडंडवर कायद्याने मर्यादा आली आणि बाजार कोसळला. सरकारच्या एका सहीने उत्पन्न कसे कमी होते, हेही तेव्हा कळले.

गोव्यातल्या खाणमालकांच्या बहुतेक कंपन्या घरच्याच राहिल्या. सामान्य माणसाला ज्यांचे शेअर मिळत अशा नावांत सेसा गोवा ठळक होती. १९५४ मध्ये इटालियन भांडवलावर सुरू झालेली ही कंपनी पुढे जपानच्या मित्सुईकडे आणि २००७ मध्ये वेदांत समूहाकडे गेली. गोवा कार्बन आणि होंड्याची ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा याही अशाच जवळच्या कंपन्या. ओळखीच्या कंपनीचा शेअर घेण्यात वावगे काही नाही, पण अशा धंद्यांत एक गोम असते. खनिज किंवा कॅल्साइंड कोक (गोवा कार्बनचे उत्पादन) यांना तेजी आली की नफा फुगतो आणि पीई, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, कमी दिसतो. शेअर सर्वांत स्वस्त भासतो तो नेमका तेजी-मंदीच्या चक्राच्या माथ्यावर. ग्रॅहमने एका वर्षाचा नफा न धरता अनेक वर्षांची सरासरी धरायला सांगितली, ती यासाठीच.

मग सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. २०१४ मध्ये अटींवर ती उठली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागांत घरचा ट्रक खाणीवर, मुलाची नोकरी खाणीवर आणि कपाटात शेअर खाणीचाच, अशी घरे होती. कागदावर त्यांची मिळकत तीन ठिकाणांहून येत होती, प्रत्यक्षात ती एकाच डोंगरावर उभी होती. किती कंपन्यांचे शेअर आहेत यापेक्षा किती ठिकाणांहून येणारे पैसे एकाच कारणाने थांबतील, हे मोजायला हवे. हे मी जितक्या तळमळीने सांगावे तितके कमीच आहे.

सेसा गोवाचा वारसा पुढे वेदांत लिमिटेडकडे आला. २०२२-२३ मध्ये या कंपनीने एक रुपया दर्शनी किमतीच्या शेअरवर एकूण १०१.५० रुपये अंतरिम डिव्हिडंड दिला. शेअरचा भाव वर्षाचा बराच काळ तीनशेच्या अलीकडेपलीकडे असताना हा उतारा एक तृतीयांशाच्या घरात गेला. असा आकडा दिसला की मोह होतो. पण त्या वेळी लंडनच्या मूळ कंपनीवर मोठे कर्ज होते, आणि वाटलेल्या पैशाचा जवळपास सत्तर टक्के भाग तिच्याकडे जात होता. डिव्हिडंड खरा होता, हातात पडला. पुढच्या वर्षी तो तितका टिकला नाही. उताऱ्याची टक्केवारी पाहण्याआधी हा पैसा कुणाच्या गरजेने वाटला जातो आहे, ते विचारायला हवे.

ठेवीही या प्रश्नातून सुटत नाहीत. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली, तोपर्यंत ती एक लाखच होती. अलीकडे रीट (भाड्याच्या इमारतींत गुंतवणारे ट्रस्ट) आणि इनव्हिट (रस्ते, वीजवाहिन्या अशा पायाभूत कामांत गुंतवणारे ट्रस्ट) आले आहेत. पहिला रीट एप्रिल २०१९ मध्ये बाजारात नोंदला गेला. वाटपायोग्य रोकडीपैकी किमान ९० टक्के वाटण्याचे बंधन त्यांच्यावर आहे. भाड्यावर जगण्याची सवय असलेल्या गोव्याला ते ओळखीचे वाटतील, पण इनव्हिटच्या वाटपात काही वेळा आपलेच भांडवल परत येत असते. ते वितरणाच्या तपशिलात वेगळे दाखवलेले असते.

कराच्या बाबतीत गोव्याची गोष्ट निराळी आहे. १९९७ पासून डिव्हिडंडवरचा कर कंपनी भरत असे; १ एप्रिल २०२० पासून तो घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. पोर्तुगीज नागरी कायद्यानुसार पती-पत्नींची मालमत्ता सामायिक असते. म्हणून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात १९९४ साली कलम ५अ घालण्यात आले आणि त्याचा अंमल १९६३ पासून धरला गेला. पगार सोडून बाकीचे उत्पन्न या नियमाने दोघांत निम्मे विभागले जाते. डिमॅट खाते एकट्या नवऱ्याच्या नावावर असले आणि वर्षाला १,२०,००० रुपये डिव्हिडंड आला, तरी ६०,००० त्याच्या विवरणपत्रात आणि ६०,००० पत्नीच्या. लग्नाआधी करार करून मालमत्ता वेगळी ठेवली असेल तर हिशेब बदलतो. हे ठाऊक नसल्यामुळे नवऱ्याच्या नावावर सगळा डिव्हिडंड दाखवून वरच्या टप्प्याचा कर भरणारी घरे आहेत. शिवाय माणूस गेल्यावर नॉमिनी हा केवळ पैसे स्वीकारणारा ठरतो, मालकी इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याच्या न्यायालयीन प्रक्रियेत, ठरते. सात वर्षे न उचललेला डिव्हिडंड आणि त्यामागचे शेअरही केंद्राच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात. पोर्तुगालला किंवा आखातात गेलेल्यांच्या घरी कागदी शेअर पडून असतील, तर या निधीच्या संकेतस्थळावर कंपनीचे आणि शेअर ज्याच्या नावावर आहेत त्याचे नाव टाकून आधी शोध घ्यावा. दावा करून ते परत मिळवता येतात.