जुनी गाडी नावावर कशी करायची? खान्देशातल्या खरेदीदारांसाठी अर्ज आणि कागदपत्रं

आपल्याकडे गावागणिक कुणी ना कुणी सुरतेच्या उधना-लिंबायतला राहतंच. त्यामुळे जुनी कार बघायला सुरुवात केली की सुरतेहून फोन येतो, "भाऊ, चांगली गाडी आहे, स्वस्तात देतोय." रावेर-यावलकडे बऱ्हाणपूरची गाडी येते, शिरपूरकडे सेंधव्याची. म्हणून बॉनेट उघडण्याआधी एकच विचारा: पासिंग (नोंदणी) कुठलं? एमएच १८ (धुळे), एमएच १९ (जळगाव), एमएच ३९ (नंदुरबार) असेल तर काम सरळ आहे. जीजे (गुजरात) किंवा एमपी (मध्य प्रदेश) असेल तर खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात, ते धरूनच भाव करा.

शहाद्याच्या माझ्या आतेभावाने सुरतेची गाडी शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतली. पूर्ण पैसे दिले, कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या आणि निवांत झाला. दोन वर्षांनी नाव लावायला गेला तर ऑनलाइन अर्जाचा ओटीपी जुन्या मालकाच्या बंद पडलेल्या नंबरवर जात होता, आणि मालकाने खोली बदललेली. नोटरीने व्यवहाराचा पुरावा मिळतो, पण आरटीओच्या नोंदीतला मालक बदलत नाही. बयाणा देण्याआधीच विकणाऱ्याला नोंदणीतला मोबाईल नंबर चालू आहे का ते तुमच्यासमोर तपासायला लावा.

राज्यातली गाडी असेल तर

अर्ज 'परिवहन' संकेतस्थळावर भरायचा. फॉर्म २९ विकणाऱ्याचा, फॉर्म ३० घेणाऱ्याचा. सोबत मूळ आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), चालू विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला), दोघांची ओळखपत्रं, तुमचा पत्त्याचा पुरावा आणि पॅन (पॅन नसेल तर फॉर्म ६०). मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली हवी, नाहीतर काम अडतं. थकीत ई-चलन असतील तर ती विकणाऱ्याकडूनच भरून घ्या.

विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याला एक गोष्ट समजावून सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जातो, गाडी कितीही हातांतून गेलेली असो. म्हणजे नाव बदलण्याची गरज त्यालाही तितकीच आहे.

रोखीचंही बघा. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही आणि दंड रोख घेणाऱ्यावर बसतो. बँकेतून दिलेल्या पैशांची नोंद उद्या तुमच्याच कामी येते.

एचपी (आरसीवरची कर्जाची नोंद): इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात

आरसीवर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव असेल तर ती नोंद उतरवायला फॉर्म ३५ आणि कर्ज फिटल्याचं ना-हरकत पत्र लागतं. "हप्ते कधीच संपले" या बोलण्याला अर्थ नाही, नोंद उतरलेली दिसली पाहिजे. आपल्या भागात अजून एक प्रकार आहे: कर्ज पतसंस्थेचं, पतसंस्था अवसायनात निघालेली, शाखेला कुलूप. अशा वेळी जुन्या मॅनेजरची सही चालत नाही. सहकार खात्याने नेमलेल्या अवसायकाकडून पत्र आणावं लागतं, आणि त्याला किती फेऱ्या लागतील हे कुणी सांगू शकत नाही. ते पत्र विकणाऱ्याने आणावं, तोवर बयाण्यापलीकडे एक रुपयाही देऊ नका.

सुरत किंवा मध्य प्रदेशची गाडी असेल तर

मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) हवी, त्यासाठी फॉर्म २८. एनओसीवर तुमच्याच आरटीओचं नाव घालून घ्या; धुळ्याच्या नावाची एनओसी घेऊन नंदुरबारला गेलात तर परत पाठवतील. मग फॉर्म २७ ने इथला नवा नंबर, गाडीची तपासणी आणि महाराष्ट्राचा कर. नवीन खासगी गाडीला दहा लाखांपर्यंत पेट्रोलवर ११ टक्के आणि डिझेलवर १३ टक्के कर आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी बसतो. हा आकडा आरटीओत आधी विचारा, मग सुरतेचा "स्वस्त" भाव किती स्वस्त आहे ते कळेल. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवता येत नाही.

फॉर्म २८ वर चेसिस नंबरची (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराची) पेन्सिलछाप लागते. ती स्वतः घ्या. नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी, हलक्या हाताने फिरवा. एकेक आकडा वर येतो. एखाद्या आकड्याभोवती पत्रा घासलेला किंवा रंग वेगळा दिसला तर व्यवहार तिथेच सोडा. सगळे आकडे आरसीशी जुळवा. बाहेरून गॅस किट बसवलं असेल तर तेही आरसीवर चढलेलं हवं, आणि सीएनजीच्या टाकीची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (दाबाची तपासणी) झालेली हवी.

मूळ मालक वारला असेल तर मुलाच्या सहीने विक्री होत नाही. आधी वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची, मग तुम्हाला विकायची.

विम्याचं काम मागे ठेवू नका. १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर घ्या, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळणं अवघड होतं. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, म्हणून हप्ता थोडा वाढेल.

सौद्यातले थोडे पैसे राखून ठेवा आणि हे बोलणं लेखी करा. 'एम परिवहन' ॲपमध्ये मालकाच्या जागी तुमचं नाव दिसलं की त्याच दिवशी ते देऊन टाका.