अकरावीच्या रसायनशास्त्राचं वर्ष : नियोजनाच्या तक्त्यामागची पार्श्वभूमी

जून उजाडला की कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकाला वार्षिक नियोजनाचा तक्ता भरून द्यावा लागतो. महिना, घटक, तासिका, प्रात्यक्षिक आणि शेरा असे पाच रकाने. अकरावीच्या रसायनशास्त्राची १६ प्रकरणं त्यात बसवायची असतात. कागदावर ती बसतात. वर्गात मात्र पहिले तीन आठवडे दरवर्षी हातातून निसटतात आणि ते कशात गेले याची नोंद तक्त्यात कुठेच सापडत नाही. ही नोंद का नाही, हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

पुण्यात रसायनशास्त्र एकोणिसाव्या शतकापासून शिकवलं जातंय. १९५० मध्ये पाषाणला या विषयाची राष्ट्रीय प्रयोगशाळा उभी राहिली. पण आजच्या अकरावीची गोष्ट खरी सुरू होते ती १९७५ पासून. त्याआधी अकरावी हे शाळेचं शेवटचं वर्ष होतं. अकरावीला मॅट्रिक व्हायचं आणि मग कॉलेजात जायचं. १९६४ ते ६६ मधल्या शिक्षण आयोगाने १०+२+३ ची शिफारस केली, राज्याने ती स्वीकारली, आणि नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये, बारावीची १९७७ मध्ये झाली. परीक्षा घेणारं मंडळ १९६६ पासून आणि पाठ्यपुस्तकं काढणारी संस्था १९६७ पासून पुण्यातच असल्याने या बदलाची चर्चा इथल्या शिक्षकांच्या खोल्यांत जरा जास्तच रंगली.

त्या चर्चेत एक गोष्ट मागं राहिली, असं मला वाटतं. शाळेचं रसायनशास्त्र मराठीत आणि कॉलेजचं इंग्रजीत, ही सीमा पूर्वी अकरावीनंतर यायची. नव्या रचनेत ती दहावीनंतर आली. म्हणजे भाषा बदलण्याचा धक्का मुलांना एक वर्ष लवकर बसू लागला, आणि तोही नेमका त्या वर्षी, ज्या वर्षी मोल (पदार्थाची राशी मोजण्याचं एकक), अणुरचना, रासायनिक बंध आणि ऑक्सिडीकरण-क्षपण एकामागून एक अंगावर येतात. अभ्यासक्रम कोणत्या इयत्तेत किती, यावर भरपूर लिहिलं गेलं. शब्दांचं काय करायचं, यासाठी एकही तासिका राखून ठेवली गेली नाही.

या शब्दांचा गुंता समजून घ्यायचा तर एकच शब्द पुरेसा आहे : क्षार.

पुण्यात बोअरवेलच्या पाण्याने बादलीला आतून पांढरा थर धरतो, गीझरची कॉइल पांढरी पडते, तेव्हा घरातले म्हणतात, पाण्यात क्षार फार आहेत. शेतकरी क्षारपड जमिनीबद्दल बोलतो. मराठी शाळेचं पुस्तक हाच अर्थ पक्का करतं. नववीच्या विज्ञानातल्या पाचव्या पाठाचं नावच ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ असं आहे. आम्लारी म्हणजे आम्लाचा अरी, त्याचा शत्रू. दोघांची गाठ पडली की उदासिनीकरण होतं आणि क्षार व पाणी तयार होतं. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्यापासून मीठ मिळतं, आणि मीठ हा क्षार. समीकरणातल्या बाणाच्या उजवीकडे क्षार, हे मुलांच्या डोक्यात नीट बसलेलं असतं.

हिंदीत मात्र हाच शब्द बाणाच्या डावीकडे उभा असतो. तिथे अम्ल आणि क्षारक एकत्र येऊन लवण आणि पाणी देतात, आणि क्षारकांपैकी जे पाण्यात विरघळतात त्यांना क्षार म्हणतात. म्हणजे मराठीतला क्षार हे हिंदीतलं लवण, आणि हिंदीतला क्षार ही मराठीतली अल्कली. हिंदीचा अर्थ जुन्या वापराला जवळचा आहे. आयुर्वेदात वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून जो क्षार काढतात तो आम्लाला मारणाराच असतो. पण मराठी शालेय पुस्तकांनी लोकांच्या तोंडचा अर्थ घेतला, आणि मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. बादलीवरच्या थराला मूल जो शब्द वापरतं तोच शब्द पुस्तकात भेटला की शिकणं सोपं होतं.

गुंता वाढला तो मराठीतच दोन घराणी तयार झाल्यामुळे. १९६० नंतर राज्याच्या भाषा विभागाने विषयवार परिभाषा कोश काढायला घेतले. १९६१ मध्ये केंद्राने हिंदी आणि इतर भाषांसाठी पारिभाषिक शब्दांचा वेगळा आयोग नेमला. मराठीतल्या मोठ्या कोशवाङ्मयाने लवण आणि विक्रिया हे शब्द वापरले, शाळेच्या पुस्तकांनी क्षार आणि अभिक्रिया. दोन्ही बाजूंना आपापली कारणं होती. मात्र एखादी मुलगी शाळेच्या पुस्तकात अडलं म्हणून कोश उघडायची, तेव्हा तिला तिथे दुसरीच भाषा भेटायची.

अणू आणि रेणू यांचंही असंच. भारतीय दर्शनांत परमाणू, द्व्यणुक, त्रसरेणू अशी चढती मांडणी होती. अणुरेणू ही जोडी संतांच्या वाणीमुळे मराठी कानाला ओळखीची आहे. आजच्या मराठीत सगळ्यात लहान तो अणू आणि अणू जोडून झाला तो रेणू. हिंदीत सगळ्यात लहान तो परमाणु आणि त्याच्यावरचा तो अणु. शब्द एकच, पण एक पायरी सरकलेला. यात नुसत्या नावाचा फरक असता तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण मोलच्या गणितात तो थेट उत्तरावर येतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. पहिल्या घटक चाचणीत साधा प्रश्न होता : ६४ ग्रॅम ऑक्सिजन वायूत किती मोल? वर्गातल्या एका हुशार मुलीने ४ लिहिलं. रीत बरोबर, भागाकार बरोबर, फक्त ऑक्सिजनच्या रेणूचा भार ३२, त्याऐवजी एका अणूच्या भाराने, १६ ने, भागलेलं. मी तिला वही आणायला सांगितली. तिने मोबाइलवर हिंदीतलं एक व्याख्यान ऐकून टिपणं काढली होती. त्यात ‘अणुभार से भाग दो’ असं लिहिलं होतं. हिंदीत ते अगदी बरोबर होतं, कारण तिथे अणुभार म्हणजे रेणूचा भार. तिने मराठी शाळेत शिकलेला अणुभार घेतला, तो १६. तिच्याच वहीत मागच्या पानावर ‘आम्ल + क्षार’ असं लिहून बाण काढला होता, क्षार शब्दावर दोनदा खाडाखोड केली होती आणि बाजूला पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होतं. ते प्रश्नचिन्ह तिने कुणालाच विचारलं नव्हतं. वर्ग इंग्रजीत चालतो, तिथे मराठी आणि हिंदी शब्दांची शंका काढायची म्हणजे आपण मागं आहोत हे कबूल करणं, असं तिला वाटलं होतं. त्या दिवशी मी फळ्यावर तीन रकाने आखले, मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि पूर्ण तास त्यातच गेला. मागच्या बाकांवरचे हात पहिल्यांदा वर आले.

‘मोल’ या शब्दाबद्दलही थोडं. मराठीत मोल म्हणजे किंमत, आणि मोलमजुरी हा शब्द मुलांनी घरात ऐकलेला असतो. विज्ञानातला मोल हे पदार्थाच्या राशीचं एकक, १९७१ मध्ये ते सातवं मूलभूत एकक ठरलं. तेव्हापासून त्याची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंच्या संख्येवर टेकलेली होती. २० मे २०१९ पासून ती बदलली. आता एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात एवढे कण. व्याख्या सोपी झाली, पण जुन्या शिक्षकांच्या तोंडात कार्बनची व्याख्या पक्की बसलेली आहे आणि खासगी गाइडांतूनही ती हटलेली नाही. मुलांना दोन्ही भेटतात. दोन्हींतलं नातं सांगायला अर्धी तासिका पुरते, पण ती अर्धी तासिकाही आधी ठरवून ठेवावी लागते.

२००० नंतर सेमी-इंग्रजीचे वर्ग वाढत गेले तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटेल असं अनेकांना वाटलं. काही अंशी तो सुटलाही. पण सेमीतल्या मुलाला साल्ट हा शब्द माहीत असतो आणि बादलीवरचा क्षार म्हणजे तेच हे माहीत नसतं, असंही मी पाहिलं आहे. शब्द आला, पण घरातली वस्तू त्याला चिकटली नाही.

मधल्या काळात वर्षाची लांबी आटत गेली. प्रवेशाच्या केंद्रीय ऑनलाइन फेऱ्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडला गेली कित्येक वर्षं आहेत. २०२५ मध्ये ती पद्धत राज्यभर लागू झाली आणि त्या वर्षी ऑगस्टमध्येही फेऱ्या चालूच होत्या. त्याआधी २०२० मध्ये आरक्षणावरच्या न्यायालयीन स्थगितीने प्रवेश मध्येच थांबले होते. ऑगस्टच्या मध्यावर वर्ग भरला असं धरा. फेब्रुवारीअखेरपर्यंत २८ आठवडे होतात. त्यातून गणपती, दिवाळी, दोन घटक चाचण्या, सत्र परीक्षा वजा करा. जानेवारीपासून प्रयोगशाळा बारावीच्या प्रात्यक्षिकांना द्यावी लागते, तेही धरा. हाती राहतात जेमतेम २०. आठवड्याला चार तासिका म्हणजे ८०, आणि प्रकरणं १६. एका प्रकरणाला पाच. तक्ता मात्र अजूनही जूनपासूनच सुरू होतो, कारण छापील चौकटीत पहिला महिना जून आहे.

प्रवेश परीक्षांनी या पाच तासिकांची वाटणीही बदलून टाकली. वैद्यकीयची देशपातळीवरची परीक्षा २०१३ मध्ये आली, २०१६ पासून ती टाळता येईनाशी झाली, आणि तिच्यात अकरावी-बारावी दोन्ही लागतात. राज्याच्या परीक्षेत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, तोही ठरावीक प्रकरणांचा. त्यामुळे कोणतं प्रकरण ‘येतं’ आणि कोणतं ‘येत नाही’ हा हिशेब मुलं दिवाळीआधीच करून ठेवतात. क्लासशी करार केलेल्या कॉलेजांत तर मुलं वर्गात दिसेनाशी झाली. २०१८ मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी लावण्याचा आदेश निघाला तो त्यामुळेच.

पुस्तकंही याच सुमारास बदलली. नववीचं २०१७, दहावीचं २०१८, अकरावीचं २०१९, बारावीचं २०२०. एक पिढी दरवर्षी नवीन पुस्तकाला सामोरी गेली. अकरावीच्या पुस्तकात मूलभूत संकल्पनांनंतर लगेच विश्लेषणाची दोन प्रकरणं आहेत. पुण्यातले बरेच शिक्षक ती मागं ढकलून आधी अणुरचना घेतात. मीही तेच करतो. त्यातली क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करण्याची पद्धत, चांगली आहे, पण इलेक्ट्रॉन कुठे असतो हे न कळता ध्रुवीय विद्रावक समजत नाही.

नव्या पुस्तकांची शाई वाळते तोच २०२० मध्ये महामारीमुळे राज्याने अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी केला. ती कपात तात्पुरती होती. २०२२ मध्ये राष्ट्रीय पुस्तकांतून, म्हणजे केंद्रीय मंडळाच्या शाळांत चालणाऱ्या पुस्तकांतून, झालेली कपात मात्र टिकली. दहावीतून आवर्ती वर्गीकरण, म्हणजे मूलद्रव्यांची सारणी, गेलं, अकरावीतून द्रव्याच्या अवस्था गेल्या. २०२३ मध्ये त्यावर बराच वाद झाला. वाद मूलद्रव्यांच्या सारणीवर एकवटला, कारण सारणी सगळ्यांना आठवते. पुण्याच्या अकरावीच्या वर्गात त्याचा परिणाम वेगळाच दिसला. राज्य मंडळाच्या दहावीत आवर्ती वर्गीकरण दुसऱ्या पाठात आहे, म्हणून अर्ध्या वर्गाला ते येतं. केंद्रीय मंडळातून आलेल्यांना ते नवीन असतं, पण इंग्रजी शब्द त्यांच्या अंगवळणी पडलेले असतात. एकाच बाकावर एकाला सारणी येते आणि शब्द येत नाहीत, दुसऱ्याला शब्द येतात आणि सारणी येत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय धोरणात नववी ते बारावी हा एकच टप्पा धरला आहे. तो खरोखर एकसंध शिकवला गेला, तर १९७५ मध्ये दहावी आणि अकरावीच्या मधे पडलेली भाषेची भिंत पहिल्यांदाच टप्प्याच्या आत येईल. तिथे दार काढता येईल : नववीपासूनच क्षारासमोर साल्ट, रेणूसमोर मॉलिक्यूल, आणि जिथे हिंदीशी टक्कर होते तिथे हिंदीही. राज्यातल्या चर्चा अजून विषयांची निवड आणि गुणांची विभागणी यांवरच चालल्या आहेत.

गेल्या वर्षी मी तक्त्यात पहिल्या ओळीत ‘परिभाषा : ६ तासिका’ असं लिहून दिलं होतं. घटक पुस्तकात नाही म्हणून तो कागद परत आला. यंदा तीच ओळ ‘मूलभूत संकल्पना : उजळणी, ६ तासिका’ अशी लिहिली आणि ती मंजूर झाली. तीन रकान्यांचा फळा पहिल्या सोमवारी आखायचा आहे.