टॉमकॅटमधील डेटासोर्स
डेटासोर्स ही जावा वेब ॲप्लिकेशनला डेटाबेसची कनेक्शने पुरवणारी सोय आहे. नवे कनेक्शन उघडायचे म्हणजे नेटवर्कवरून जोडणी करा, लॉगिन करा. दर पानाला हा खटाटोप परवडत नाही. म्हणून टॉमकॅट, म्हणजे जावा वेब ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर, काही कनेक्शने पूलमध्ये, म्हणजे सामायिक साठ्यात, तयार ठेवतो.

डेटाबेसचा पत्ता, युजर आणि पासवर्ड सेटिंगच्या फाइलीतल्या ‘रिसोर्स’ टॅगमध्ये लिहितात. प्रोग्राम जेएनडीआयकडे (नावावरून वस्तू शोधून देणाऱ्या जावाच्या सोयीकडे) फक्त ‘जेडीबीसी/ग्रंथालय’ अशा नावाने डेटासोर्स मागतो. त्यामुळे लॅपटॉपवर लोकलहोस्टचा मायएसक्यूएल आणि प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर) खरा डेटाबेस असला, तरी वॉर फाइल, म्हणजे ॲप्लिकेशनचे गाठोडे, तीच राहते. हा टॅग टॉमकॅटच्या ‘कॉन्फ’ फोल्डरमधल्या फाइलीत ठेवावा, म्हणजे पासवर्ड कोडसोबत गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या साठवणाऱ्या साधनात) जात नाही. पूल टॉमकॅट स्वतः बनवतो, म्हणून डेटाबेसशी बोलणाऱ्या ड्रायव्हरची जार फाइलही त्याच्याच ‘लिब’ फोल्डरमध्ये लागते.

खरी गोम पूलच्या आकारात आहे. टॉमकॅट ८ पासून ‘मॅक्सटोटल’ (एका वेळी जास्तीत जास्त किती कनेक्शने) काही न लिहिता ८ असते आणि ‘मॅक्सवेटमिलिस’ (थांबण्याची मुदत) उणे १, म्हणजे कनेक्शन मिळेपर्यंत कितीही वेळ थांबायचे. समजा, एका पानाच्या कोडमध्ये ‘क्लोज’, म्हणजे काम झाल्यावर कनेक्शन सोडण्याची आज्ञा, राहून गेले. ते पान आठ वेळा झटपट उघडते, नवव्यांदा ब्राउझरचे चक्र नुसते फिरत राहते आणि लॉगमध्ये एरर उमटत नाही. डेव्हलपर दिवसभरात सात वेळा रिफ्रेश करून सर्व्हर रीस्टार्ट करत असेल, तर ही गळती थेट प्रॉडक्शनवर पोचते. म्हणून डेव्हलपमेंटमध्ये पूल मुद्दाम लहान ठेवावा: मॅक्सटोटल २, थांबण्याची मुदत ५००० मिलिसेकंद. मग तिसऱ्याच क्लिकला टाइमआउटचा एरर येतो आणि चूक त्याच दिवशी सापडते. पूलमधल्या कनेक्शनवर ‘क्लोज’ म्हटले की ते तुटत नाही, पूलमध्ये परत जाते. जावा ७ पासूनच्या ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ या कोडच्या रचनेमुळे ‘क्लोज’ आपोआप होते.

जुनी फाइल कॉपी करताना जपावे. टॉमकॅट ७ मधले ‘मॅक्सॲक्टिव्ह’ पुढे ‘मॅक्सटोटल’ झाले. जुने नाव राहिले, तर लॉगमध्ये एक इशारा येतो, आकडा सोडून दिला जातो आणि पूल ८ वरच राहतो.

मायएसक्यूएल २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास, निवांत पडलेले कनेक्शन तोडतो. सर्व्हर रात्रभर चालू ठेवला की पूर्वी सकाळचे पहिले पान फसायचे, ते यामुळे. टॉमकॅट ७ मध्ये ‘व्हॅलिडेशनक्वेरी’ (तपासणीची क्वेरी) दिल्याशिवाय कनेक्शन तुटले आहे का, ही तपासणी होत नसे. ८ पासून कनेक्शन देताना ते जिवंत आहे का, हे पूल आपणहून पाहतो.