गतिसंकेतांनी होणारे बिनतारी माहिती-प्रेषण

हातातला फोन हलवून, झटकून किंवा दुसऱ्या फोनवर हलकेच आदळून जवळच्या उपकरणाशी बिनतारी जोडणी करण्याच्या, आणि त्या जोडणीवरून छायाचित्रे, संपर्क-क्रमांक किंवा फाइली पाठवण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावली जाते. पाहणाऱ्याला वाटते, की टक्कर झाली आणि फोटो एका फोनमधून उडी मारून दुसऱ्यात गेला. प्रत्यक्षात त्या हालचालीतून काहीच जात नाही. माहिती जाते ती वाय-फाय, ब्लूटूथ किंवा मोबाइल इंटरनेटवरून. आसपासच्या अनेक उपकरणांपैकी कोणते आणि कोणत्या क्षणी, एवढेच हालचाल सांगते. तार जोडताना हा प्रश्न पडत नसे, कारण तिचे दुसरे टोक डोळ्यांना दिसत असे. बिनतारी लहरी मात्र खोलीभर, किंबहुना शेजारच्या खोलीतही पसरतात, आणि एकाच मॉडेलचे चार फोन जवळ असले तर यादीत तेच नाव चारदा दिसते.

हालचाल ओळखण्याचे काम ॲक्सेलरोमीटर करतो. सिलिकॉनमध्ये कोरलेले एक सूक्ष्म वजन लवचीक पट्ट्यांवर तोललेले असते. फोन हलला की ते जागचे किंचित सरकते, शेजारच्या स्थिर पट्ट्यांशी असलेली त्याची विद्युत् धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि तिच्यावरून तीन अक्षांवरील त्वरण काढले जाते. टेबलावर निवांत पडलेल्या फोनचा ॲक्सेलरोमीटर शून्य दाखवत नाही. तो गुरुत्वाकर्षणामुळे दर सेकंदाला दर सेकंदास सुमारे ९.८ मीटर एवढे मूल्य दाखवतो, आणि ते वजा केल्यावरच हाताची हालचाल हाती लागते. आलेखावर चालणे म्हणजे संथ, ठराविक अंतराने येणाऱ्या लाटा, हलवणे म्हणजे दाट मागेपुढे, आणि टक्कर म्हणजे सपाट रेषेतून अचानक वर आलेले एक अणकुचीदार टोक. मात्र खडबडीत रस्त्यावर एसटीत बसलेल्या प्रवाशाच्या खिशातला फोनही अशी टोके देतच असतो. म्हणून एकट्या फोनच्या हालचालीवर विसंबून चालत नाही. दोन उपकरणांवरील हालचाल एकाच वेळी आणि एकमेकींशी जुळणारी असावी लागते, आणि सगळी कल्पना या जुळणीवरच उभी आहे.

तिचा एक ठळक आरंभ २००१ मध्ये दिसतो. युरोपातील ‘स्मार्ट-इट्स’ प्रकल्पात लार्स एरिक होल्मक्विस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी छोटी संवेदक-उपकरणे घेतली आणि त्यांपैकी दोन एकाच मुठीत धरून हलवली, की त्यांची ‘मैत्री’ होईल अशी व्यवस्था केली. प्रत्येक उपकरण आपल्या हालचालीचा नमुना रेडिओवरून प्रसारित करी आणि ज्याचा नमुना आपल्याशी जुळेल त्याच्याशी जोडणी करी. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील केन हिंकली यांनी दोन टॅब्लेट संगणकांच्या कडा एकमेकींवर आदळवून त्यांचे पडदे जोडण्याचा प्रयोग मांडला. टकरीत दोन्हीकडची टोके एकाच क्षणी, पण विरुद्ध दिशांनी येतात, हे त्यांनी ओळखीचे लक्षण ठरवले.

सामान्य लोकांपर्यंत ही युक्ती नेली ती २००९ मध्ये आलेल्या ‘बंप’ या ॲपने. शिकागो विद्यापीठात व्यवस्थापनाचे शिक्षण घेत असताना नव्या ओळखीच्या प्रत्येकाचा क्रमांक टाइप करण्याचा कंटाळा आलेल्या डेव्हिड लीब यांनी जेक मिंट्झ व अँडी ह्युबर्स यांच्यासह ते तयार केले. दोघांनी आपापला फोन मुठीत धरायचा आणि मुठी एकमेकींवर हलकेच टेकवायच्या. फोन आपटण्याची गरज नसे, हाताला बसलेला धक्का पुरे होई. धक्का जाणवताच प्रत्येक फोन त्याची वेळ, स्वरूप आणि स्वतःचे ठिकाण दूरच्या सर्व्हरला कळवी. सर्व्हर जुळणारी जोडी शोधी, दोन्ही पडद्यांवर समोरच्याचे नाव दाखवी आणि दोघांनी होकार दिल्यावर माहिती त्याच सर्व्हरमार्फत पोहोचवी. पुढे संगणकावर बंपचे संकेतस्थळ उघडून फोन कीबोर्डच्या स्पेसबारवर टेकवला तरी फाइल जाऊ लागली. तेथे टकरीची दुसरी बाजू म्हणजे कळ दाबली गेल्याची वेळ. प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या इतिहासातील ही सर्वांत हुशार कल्पना आहे, कारण संगणकात ॲक्सेलरोमीटर नसतानाही ती चालते. मर्यादा मात्र उघड होती. एकाच टेबलावरील दोन फोनमधला फोटो इंटरनेटवरून लांबचा वळसा घेऊन येई आणि नेटवर्क नसेल तर काहीच होत नसे. गूगलने २०१३ मध्ये ही कंपनी विकत घेतली आणि ३१ जानेवारी २०१४ रोजी ॲप बंद झाले. महाराष्ट्रात, भारतात इतरत्र झाले तसेच, फाइली देण्याघेण्याची सवय लागली ती ‘शेअरइट’ व ‘झेंडर’ यांमुळे. ही ॲप्स इंटरनेटचा डेटा न वापरता फोनच्याच वाय-फाय हॉटस्पॉटवरून फाइल पाठवत, पण त्यांत समोरचा फोन पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवून निवडावा लागे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲप्समध्ये ही दोन्ही होती.

हालचालीचा उपयोग सुरक्षेसाठीही करता येतो. बिनतारी जोडणीत तिसरा कोणी मध्ये शिरून दोघांनाही फसवू शकतो, आणि गुप्त कळ (संदेश सांकेतिक करण्यासाठी वापरायचा गुप्त अंक) ठरवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत समोरचा तोच आहे की नाही हे वेगळे तपासावे लागते. रेने मायरहोफर व हान्स गेलर्सन यांनी २००७ मध्ये यासाठी दोन्ही उपकरणे एकत्र धरून हलवण्याचा मार्ग सुचवला. माणसाचा हात दरवेळी थोडा वेगळा हलतो. ती हालचाल मुठीतल्या दोन्ही उपकरणांना सारखी जाणवते, पण दुरून पाहणाऱ्याला तिची तंतोतंत नक्कल करणे अवघड जाते. त्यांच्या एका पद्धतीत आधी ठरलेली कळ या नमुन्यांवरून पडताळली जाते, तर दुसरीत कळच त्यांतून निर्माण केली जाते.

पुढे फोनला फोन लावण्याची कृती टिकली, पण तिच्यामागचे यंत्र बदलले. २०११ च्या अँड्रॉइड ४.० मधील ‘बीम’मध्ये पाठीला पाठ लावलेले फोन एनएफसी या अगदी जवळूनच चालणाऱ्या बिनतारी तंत्राने एकमेकांना ओळखत. त्यात धक्क्याला महत्त्व नव्हते, काही सेंटिमीटरचे अंतर पुरेसे होते. ॲपलच्या २०२३ मधील ‘नेमड्रॉप’मध्ये दोन आयफोनचे वरचे टोक जवळ आणले की संपर्क-क्रमांक देता येतो. धक्का अंदाजाने ओळखावा लागतो, सान्निध्य थेट मोजता येते, हे या बदलाचे साधे कारण म्हणता येईल.

ॲक्सेलरोमीटरच्या नोंदींवरून माणसाची चाल आणि काही प्रमाणात पडद्यावरचे टाइपिंगही ताडता येत असल्याने त्या आता पूर्वीइतक्या मोकळेपणाने मिळत नाहीत. आयफोनवरील सफारी २०१९ पासून वापरणाऱ्याची परवानगी घेतल्याखेरीज त्या संकेतस्थळाला देत नाही, आणि अँड्रॉइड १२ पासून वेगळी परवानगी न घेणाऱ्या ॲपला त्या सेकंदाला २०० पेक्षा अधिक वेळा वाचता येत नाहीत.